खेळ नवा सरस, व्यवहार जुना बरा

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला, नाशिकला, सुरतेला कामधंद्यासाठी गेलेली माणसं अमळनेर, शिरपूर, शहाद्याला घरी येतात. घरात कुणी प्लेस्टेशन, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र, आणलं असलं की एक वाद हमखास सुरू होतो. चाळिशी ओलांडलेला काका म्हणतो, "आमना टाइमना गेम आते कोठे शेतस?" त्याला मारिओ आठवतो, काँट्रा आठवतो, खेळाची कॅसेट चालेना म्हणून तिच्यात मारलेली फुंकर आठवते. सोळा वर्षांचा पुतण्या विचारतो, त्या ठिपक्याठिपक्यांच्या चित्रांत असं होतं तरी काय? एक बाजू ‘खरी मजा’ आणि ‘कस’ या शब्दांवर अडून बसते, दुसरी ‘ग्राफिक्स’ आणि ‘स्टोरी’वर. आवाज चढतात, आणि ज्याला-त्याला आपलं लहानपण प्यारं असतं असं म्हणून मोठी माणसं विषय मिटवतात. विषय मात्र मिटत नाही, कारण तो नीट मांडलेलाच नसतो.

या वादात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते आहे. एक गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष खेळ: तो कसा रचला आहे, खेळणाऱ्याला काय करू देतो, काय शिकवतो. दुसरी गोष्ट म्हणजे व्यवहार: तो खेळ आपल्या हातात कसा येतो, पैसे मोजल्यावर किती दिवस आपला राहतो, मित्राला देता येतो का, विकता येतो का. माझं मत स्पष्ट आहे. खेळ म्हणून पाहिलं तर आजचे उत्तम खेळ कालच्या उत्तम खेळांपेक्षा सरस आहेत. व्यवहार म्हणून पाहिलं तर कालचा बरा होता आणि आजचा दरवर्षी बिघडत चालला आहे. काका व्यवहाराच्या आठवणींच्या जोरावर खेळांची बाजू लढवतो. पुतण्या खेळांच्या कौतुकात व्यवहाराकडे बघतच नाही. त्यामुळे दोघेही अर्धे बरोबर असून एकमेकांना पटत नाहीत.

काकाच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा आधी मान्य करतो. निन्टेन्डो या जपानी कंपनीचा फॅमिकॉम, म्हणजे मारिओ चालायचा ते यंत्र, जपानात १९८३ साली आला. त्याची कामाची मेमरी होती अवघी २ किलोबाइट. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा १९८५ चा संपूर्ण खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. आज मोबाइलवर येणारा ‘गुड मॉर्निंग’चा एक फोटो त्याहून जड असतो. एवढ्या अडचणीच्या जागेत निन्टेन्डोच्या शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी जे केलं ते थक्क करणारं आहे. आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललेला. पहिल्या स्टेजमध्ये एक अक्षरही लिहून न दाखवता खेळ शिकवला जातो. समोरून शत्रू चालत येतो, उडी मारावी लागते, उडी मारताना डोक्यावरचा ठोकळा लागतो, त्यातून मशरूम निघून आपल्याच दिशेला घरंगळतो. इंग्रजी न कळणाऱ्या पारोळ्याच्या पोरालाही तो पहिल्याच दुपारी कळला, तो या रचनेमुळे. साधनं तुटपुंजी असली की विचार काटेकोर करावा लागतो, हे खरंच आहे. पन्नास तासांच्या अनेक नव्या खेळांत पहिले तीन तास नुसते सूचना वाचण्यात जातात, तेव्हा मलाही मारिओची ती पहिली स्टेज आठवते.

पण काका तिथे थांबत नाही. तो म्हणतो, जुने खेळ अवघड होते म्हणून श्रेष्ठ होते. तीन लाइफ, संपल्या की पहिल्यापासून सुरुवात, त्यातून जिद्द येत होती. हा मुद्दा मला अजिबात मान्य नाही, कारण त्या अवघडपणाचा बराच भाग खेळाच्या हितासाठी नव्हताच. अनेक जुने खेळ मुळात नाणी टाकून खेळायच्या यंत्रांवरचे. काँट्राही १९८७ साली तिथेच आधी आला. खेळणारा लवकर मेला तर पुढचं नाणं लवकर पडतं, हा तिथला हिशोब. घरगुती यंत्रावर, म्हणजे कन्सोलवर, नाणं नव्हतं, पण अमेरिकेत खेळ भाड्याने मिळायचे आणि शनिवार-रविवारात संपणारा खेळ कुणी विकत घेईल का, ही धास्ती कंपन्यांना होती. ‘काँट्रा: हार्ड कोअर’ या १९९४ च्या खेळाच्या जपानी आवृत्तीत एका लाइफमध्ये तीन मार सोसता येत. परदेशी आवृत्तीत एकाच माराला काम तमाम. खेळ तोच, कथा तीच, शत्रू तेच. मग वाढवलेल्या त्या अवघडपणात कोणती कला होती? आणि ज्या गुप्त बटणांच्या क्रमाने काँट्रात तीस लाइफ मिळायच्या, तो क्रम मुळात काँट्रा बनवणाऱ्या कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ साली ‘ग्रेडियस’ या खेळाची चाचणी घेताना स्वतःच्या सोयीसाठी ठेवला होता. तो खेळ त्यांनाच झेपत नव्हता.

आपल्याकडे तर त्यात लोडशेडिंगची भर. मारिओ सातव्या-आठव्या वर्ल्डमध्ये पोहोचलेला असताना लाइट गेली की सगळं पाण्यात, कारण त्या कॅसेटमध्ये प्रगती जपून ठेवायची सोयच नव्हती. खानदेशात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला, पंखा बंद, आणि लाइट आल्यावर पुन्हा पहिल्या स्टेजपासून. याला जिद्दीचं शिक्षण म्हणणं म्हणजे गैरसोयीचे देव्हारे माजवणं आहे. ज्या पोराला घरात टीव्हीसमोर दोन-दोन तास मिळायचे नाहीत, त्याने तो खेळ शेवटपर्यंत पाहिलाच नाही. मुलींच्या वाट्याला तर खेळायचा रिमोट येण्याआधीच दुपार संपायची. त्यांची जिद्द कमी होती का?

आता नव्या खेळांकडे बघा. २०१८ च्या ‘सेलेस्ट’मध्ये डोंगर चढणारी एक मुलगी आहे. खेळ कमालीचा कठीण, पण ज्याला झेपत नाही त्याला वेग कमी करता येतो, मरण बंद करता येतं, आणि त्याबद्दल खेळ त्याला हिणवत नाही. २०२० च्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’मध्ये अपंग खेळाडूंसाठी साठहून जास्त सोयी दिल्या. दृष्टी नसलेल्या माणसांनी तो खेळ आवाजाच्या आधाराने शेवटपर्यंत नेला. हे फॅमिकॉमच्या काळात कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. २०१७ चा ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ खेळाडूवर इतका विश्वास टाकतो की सुरुवातीचं पठार उतरल्यावर हिंमत असेल तर थेट शेवटच्या शत्रूसमोर जाऊन उभं राहता येतं. आणि ज्यांना घाम गाळायचाच आहे, त्यांच्यासाठी ‘एल्डन रिंग’ आहे. २०२२ साली आलेला हा निर्दय खेळ वर्षभरात दोन कोटींहून अधिक प्रतींनी खपला. आजच्या पोरांना कष्ट नकोत म्हणणाऱ्याने हा आकडा समजून घ्यावा. शेजारी बसून दोघांनी खेळायची मजा गेली, असंही काका म्हणतो. २०२१ चा ‘इट टेक्स टू’ दोघांशिवाय खेळताच येत नाही, आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळ म्हणून द गेम अवॉर्ड्समध्ये तोच निवडला गेला.

मग पुतण्या जिंकला का? नाही. त्याचा आवडता आरोप असा की जुन्या खेळांचं प्रेम म्हणजे निव्वळ आठवणींचा उमाळा. हा आरोप आळशी आहे. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमातला एक तेरा वर्षांचा मुलगा निन्टेन्डोच्या १९८९ च्या ‘टेट्रिस’मध्ये इतका पुढे गेला की यंत्रालाच पुढे सरकता येईना आणि खेळ गोठला. माणसाने तो खेळ त्या टोकाला नेण्याची ही पहिलीच वेळ. त्याच्या जन्माआधी वीसेक वर्षं तो खेळ बाजारात होता. त्याला कुठलं लहानपण आठवत असेल? त्याला आवडला तो खेळ, त्यातले पडणारे तुकडे आणि वाढत जाणारा वेग. चांगली रचना जुनी होत नाही, हे तो मुलगा सिद्ध करून गेला. आणि यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, जिच्याकडे बातम्यांत कुणी लक्ष दिलं नाही. चौतीस वर्षांपूर्वीचा तो खेळ चालू करायला त्याला कुठल्याही कंपनीची परवानगी लागली नाही. कॅसेट होती, यंत्र होतं, वीज होती. बस.

इथून मी व्यवहाराकडे येतो, आणि माझा खरा जीव इथेच अडकलेला आहे. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरची काही वर्षं जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या गल्ल्यांत कॅसेट फिरायची कशी, ते आठवून पाहा. एकाकडे काँट्रा, दुसऱ्याकडे टँक, तिसऱ्याकडे रोड फायटर. उन्हाळ्याच्या सुट्टीत अदलाबदल व्हायची. गावाला आलेला मामेभाऊ कॅसेट घेऊन यायचा आणि जाताना दुसरी घेऊन जायचा. कुणाचं मन भरलं तर तो निम्म्या किमतीत विकायचा. ज्याच्याकडे यंत्रच नव्हतं तो तासावर पैसे देऊन दुकानात खेळायचा. पुढे प्लेस्टेशन टू आला, कॅसेटच्या जागी डिस्क आल्या, पण पद्धत तीच राहिली. दहा घरांत मिळून तीस खेळ असले तर प्रत्येक पोराने तीसच्या तीस खेळलेले असायचे. ही गल्लीची लायब्ररी होती, तिला नाव नव्हतं आणि वर्गणीही नव्हती. ज्या घरात महिन्याच्या शेवटी हात आखडता घ्यावा लागतो, तिथे खेळ पोहोचायचा तो याच वाटेने. काकाला ‘खरी मजा’ म्हणून जे आठवतं त्यातला मोठा वाटा या वाटेचा आहे, मारिओच्या उडीचा नाही.

आज ती वाट बंद होत आली आहे. सोनी कंपनीचा पीएस फाइव्ह, म्हणजे पाचवा प्लेस्टेशन, भारतात २०२१ साली आला तो ४९,९९० रुपयांना, आणि डिस्कची खाच नसलेला प्रकार ३९,९९० ला. दहा हजार वाचले म्हणून घेणाऱ्याला लक्षात येतं की आता प्रत्येक खेळ एकाच दुकानातून, त्या दुकानाच्या भावाने घ्यायचा, आणि सोनीचा नवा खेळ तेव्हा ४,९९९ रुपयांचा. तो खेळून झाल्यावर भावाला देता येत नाही, विकता येत नाही. निन्टेन्डोच्या स्विच टू या यंत्रासाठी २०२५ पासून काही खेळांची अशी कार्डं निघाली की कार्डात खेळच नसतो. कार्ड घालायचं आणि मग इंटरनेटवरून सगळा खेळ उतरवायचा. शंभर-शंभर जीबीचे खेळ उतरवून घेणं पुण्याच्या फ्लॅटमध्ये एका रात्रीचं काम असेल. तोरणमाळच्या पायथ्याशी, सातपुड्याच्या कडेच्या गावांत, जिथे मोबाइलचा एक टॉवर चार पाड्यांना पुरवायचा असतो, तिथे हे कार्ड हातात घेतलेला पोरगा काय करणार?

आणि मिळालं तरी राहील याची खात्री नाही. युबिसॉफ्ट कंपनीचा ‘द क्रू’ हा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ २०१४ साली आला. त्यात एकट्याने खेळायची लांबलचक कथा होती, पण यंत्र सतत कंपनीच्या सर्व्हरला जोडलेलं असावं लागे. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि पूर्ण पैसे मोजून घेतलेली डिस्क निरुपयोगी ठरली. त्याआधी मार्च २०२३ मध्ये निन्टेन्डोने थ्रीडीएस आणि वी यू या दोन यंत्रांची ऑनलाइन दुकानं बंद केली. सोनीचा ‘काँकॉर्ड’ हा खेळ तर ऑगस्ट २०२४ मध्ये आला आणि दोन आठवड्यांत गुंडाळला गेला. तिथे निदान पैसे परत दिले, हे नोंदवायला हवं. भरीला खेळाच्या आत पुन्हा पुन्हा पैसे मागण्याची रीत आली. बंद पेटीत काय निघेल ते नशिबावर सोडून पोरांकडून पैसे काढणं इतकं वाढलं की २०१८ मध्ये बेल्जियमने असल्या पेट्यांना जुगाराच्या कायद्याखाली आणलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्त्यांचे डाव मांडणाऱ्या आपल्या मुलखाला जुगार ओळखू येत नाही असं नाही. पण तो चाळीस-पन्नास हजारांच्या यंत्रातून, मुलांच्या खेळाच्या रूपाने आला की ओळखायला वेळ लागतो.

यावर तीन आक्षेप येतात. तिन्ही वजनदार आहेत, आणि त्यांना बगल देऊन माझं म्हणणं टिकणार नाही.

पहिला आक्षेप सगळ्यात बोचरा. ज्या गल्लीच्या लायब्ररीचं मी कौतुक केलं ती चोरीवर उभी होती. आपल्याकडच्या घराघरांतली बहुतेक यंत्रं फॅमिकॉमच्या नकला होत्या. ‘९९९९९९ इन १’ असं लिहिलेल्या कॅसेट, ज्यांत तेच पाच-सात खेळ फिरून फिरून यायचे, त्यांतला एक रुपयाही मियामोतोंच्या कंपनीला गेला नाही. पुढे नकली डिस्क चालावी म्हणून चिप बसवलेले प्लेस्टेशन आणि रस्त्यावरच्या डिस्क यांचीही तीच कथा. हे सगळं खरं आहे. चोरीचं समर्थन मी करणार नाही. पण दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. अदलाबदल करणं, उसनं देणं, जुनं विकणं हे हक्क चोरीतून आलेले नाहीत. जपानातल्या, अमेरिकेतल्या पोरांनी अस्सल कॅसेट घेऊन हेच केलं, आणि कुणी त्यांना चोर म्हटलं नाही. मायक्रोसॉफ्टने २०१३ साली एक्सबॉक्स वन या आपल्या यंत्रावर वापरलेल्या डिस्कच्या देवघेवीला बंधनं घालायचं ठरवलं, तेव्हा जगभरच्या गिऱ्हाइकांनी इतका विरोध केला की काही दिवसांत तो निर्णय मागे घ्यावा लागला. शाळेचं पुस्तक आपण थोरल्याकडून धाकट्याला देतो, तेव्हा लेखकाचं नुकसान केलं असं मानत नाही. एकाने विकत घेतलेली वस्तू दुसऱ्याला दिली की पहिल्याकडे ती राहत नाही, एवढी साधी गोष्ट आहे. आणि खरं सांगायचं तर चोरी वाढवायची असेल तर आजचा व्यवहार उत्तम आहे. पैसे देणाऱ्याचा खेळ सर्व्हर बंद पडल्यावर नाहीसा होतो आणि चोरून कुलूप, म्हणजे नक्कल अडवणारी सोय, काढलेली प्रत चालत राहते. हा उलटा न्याय आहे आणि तो कंपन्यांनीच निर्माण केला आहे.

दुसरा आक्षेप असा की जुना व्यवहार खेळणाऱ्याला बरा असेल, पण बनवणाऱ्याला जाचक होता. बरोबर. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत निन्टेन्डोसाठी खेळ काढायचा तर कॅसेट निन्टेन्डोकडूनच तयार करून घ्यावी लागे आणि एका कंपनीला वर्षाला पाचच खेळांची परवानगी. बिनपरवानगीची कॅसेट चालू नये म्हणून यंत्रात कुलपासारखी वेगळी चिप. लहान माणसाला तिथे जागाच नव्हती. ऑनलाइन दुकानं आली म्हणून एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसाने केलेला शेतीचा खेळ ‘स्टारड्यू व्हॅली’ २०१६ मध्ये जगभर गेला. म्हणूनच पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूचा ‘राजी: अ‍ॅन एन्शन्ट एपिक’ २०२० साली स्विचवर आला. लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा त्यांचा प्रयत्न आधी फसला होता, तरी त्यांनी खेळ पूर्ण केला. मराठी मुलखातल्या शहरात बसून, आपल्या पुराणकथांच्या आधाराने, जगाच्या कन्सोलवर खेळ नेता येतो, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. कॅसेटच्या काळात हे घडलं नसतं. पण इंटरनेटवरून विकणं आणि विकलेलं केव्हाही काढून घेण्याचा अधिकार राखणं, या दोन गोष्टी एकमेकींना चिकटलेल्या नाहीत. संगणकावरच्या खेळांचं ‘गॉग’ हे दुकान २००८ पासून कुलूप नसलेले खेळ विकतं. एकदा उतरवून घेतलेला खेळ पेन ड्राइव्हवर ठेवा, दुकान उद्या बुडालं तरी चालेल. कन्सोलवाल्यांना हे जमणार नाही असं नाही, त्यांना ते करायचं नाही.

तिसरा आक्षेप खर्चाचा. सर्व्हर चालवायला पैसे लागतात, चार माणसं खेळत असताना ते कायम कोण चालवणार? कुणीच नाही, आणि तशी मागणीही नाही. ‘द क्रू’ बंद पडल्यावर युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली, दहा लाखांहून जास्त नागरिकांनी तिच्या निवेदनावर सह्या केल्या. तिचं म्हणणं इतकंच की सेवा थांबवताना खेळ चालू स्थितीत सोडून जा. हे होऊ शकतं याचे पुरावे आहेत. ‘नॉकआउट सिटी’ बनवणाऱ्यांनी २०२३ मध्ये आपला खेळ बंद करताना लोकांना स्वतःचे सर्व्हर चालवता येतील अशी आवृत्ती फुकट देऊन टाकली. खुद्द युबिसॉफ्टने टीका झाल्यावर ‘द क्रू’च्या पुढच्या भागांना इंटरनेटविना चालण्याची सोय देण्याचं जाहीर केलं. म्हणजे अडचण तंत्राची नव्हती. आधी कुणी विचारलं नव्हतं.

यात एवढं काय, खेळच तर आहे, असं म्हणणारेही आहेत. त्यांच्यासाठी खानदेशाचाच इतिहास पुढे ठेवतो. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या गात गेल्या. मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी जेवढं लिहून घेतलं तेवढं राहिलं. १९५१ मध्ये त्या गेल्या, आणि आचार्य अत्र्यांनी ती वही पाहून आग्रह धरला म्हणून १९५२ मध्ये त्यांची गाणी छापून आली. बायकांची जात्यावरची गाणी, त्यात काय जपायचं, असं त्या घरातही कुणी म्हटलं असतं तर? इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून लोकांच्या माळ्यावरचे, वाळवी लागलेले कागद गोळा करत होते तेव्हा त्यांनाही वेड्यात काढणारे होतेच. १९२६ च्या अखेरीस धुळ्यात त्यांचं निधन झालं आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ त्याच गावात उभं राहिलं. उलट बाजूचं उदाहरणही आहे. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ सालचा, त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. चित्रपट ही जपायची गोष्ट आहे हे सरकारला पटून पुण्यात संग्रहालय झालं ते १९६४ मध्ये, तोवर उशीर झाला होता. खेळांचं आज तेच चाललं आहे. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत २०१० पूर्वी तिथे निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात कुठेच विकत मिळत नाहीत असं आढळलं. हे जुन्या खेळांचं झालं, ज्यांच्या कॅसेट निदान कुणाच्या तरी पेटीत आहेत. सर्व्हरवर अवलंबून असलेल्या खेळांची तर पेटीही नाही.

आपल्या कायद्यात धागे आहेत, ते ओढणारं कुणी नाही. पुस्तक छापणाऱ्याने त्याची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना द्यावी, असा कायदा १९५४ पासून आहे. खेळांना तो का लागू नसावा? कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ संगणक प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे जवळ असणाऱ्याला नुकसानीपासून बचाव म्हणून जादा प्रत ठेवू देतं, पण कंपनीच्या कुलपापुढे तो हक्क कागदावरच राहतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सबळ कारण नसताना एकतर्फी करार मोडण्याची मुभा देणारी अट अन्याय्य कराराच्या व्याख्येत येते. विकलेला खेळ मनाला येईल तेव्हा काढून घेण्याची अट या व्याख्येत बसते की नाही, हे एखाद्या ग्राहक संघटनेने आयोगापुढे नेऊन पाहायला हवं. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा केला की डिजिटल दुकानाने गिऱ्हाइकाला आधी स्पष्ट सांगावं: तुम्ही मालकी घेत नाही, परवाना घेत आहात. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्याचा रोख पैसे लावून खेळायच्या खेळांवर आहे आणि तो गरजेचाही होता.  पण ज्याने रीतसर पैसे भरून खेळ घेतला त्या गिऱ्हाइकाचा प्रश्न कुणी मांडलाच नाही.

जपण्याचं काम तर दिल्लीची वाट न पाहता सुरू करता येईल. जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे. तिथल्या संगणकशास्त्राच्या आणि इतिहासाच्या विभागांनी मिळून एक खोली काढावी आणि रावेरपासून नवापूरपर्यंतच्या घरांतली जुनी यंत्रं, रिमोट, कॅसेट, डिस्क मागवून घ्याव्यात. अस्सल घ्याव्यात आणि नकलाही घ्याव्यात, कारण आपल्याकडे खेळ आला तो नकलेच्या वाटेने आणि तो इतिहास लपवण्याचं कारण नाही. २००९ साली हैदराबादमध्ये बनलेला ‘हनुमान: बॉय वॉरियर’ हा प्लेस्टेशन टूवरचा भारतीय खेळ तिथे असावा, पुण्याचा ‘राजी’ही असावा. कोणती कॅसेट कोणत्या गावात किती हातांतून फिरली, हे आजच्या चाळिशीतल्या माणसांकडून विचारून लिहून घ्यावं. घाई मात्र करायला हवी. प्रगती जपणाऱ्या कॅसेटमधले बटण-सेल संपत चालले आहेत, डिस्क खराब होताहेत, आणि पिक्चर ट्यूबचे टीव्ही भंगारवाले रोज फोडताहेत. त्या खोलीत असा एक चालू टीव्ही लागेलच. ‘डक हंट’ या बदकं टिपायच्या खेळाची बंदूक घोडा दाबल्यावर क्षणभर काळा होणारा पडदा आणि बदकाच्या जागी उमटणारा पांढरा चौकोन टिपते. आजच्या सपाट टीव्हीवर ते चित्र उमटायला किंचित उशीर होतो, आणि तेवढ्याने नेम कितीही अचूक असला तरी गोळी लागत नाही.